मन्याच्या मातीतली डबी

फोन उचलायचाच नसन तर नंबर कायले दिला होता, सर?

भात मांडून लावते, धान पाखडताना लावते. रिंग जाते अन् बंद होते.
म्हणून आता इथी, सगळ्यांसमोर लिहून राह्यली.

आज माझ्या लहान भावाले, मनिरामले, जाऊन वर्ष झालं. वडश्याहून गाडीवर धानोऱ्याकडं घरी येत होता. रानडुक्कर आडवं आलं.

पीएचडी करत होता तो. हे सर त्याचे गाईड.

येत्या शुक्रवारी त्याच्या नावाचा गोटा, आठवणीचा दगड, उभा करायचा आहे.
अन् गाव म्हणते, आधी त्याची माती खोदा.

काऊन, ते सांगते.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या वापरातलं सामान त्याच्यासंगच मातीत देतात.
मन्याची कुऱ्हाड दिली. चप्पल दिली.
अन् त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असायची ती प्लास्टिकची डबी दिली. तिच्यात धातूचे तुकडे होते, नखाएवढे, चकचकीत.

जिता असताना मी त्याले विचारलं होतं, हे काय घेऊन फिरतं बे?
म्हणे, बाई, याच्यावर मशीनमधून आयन सोडले.
मी म्हटलं, माणसाच्या भाषेत सांग.

मंग त्यानं मले आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाचा मंडप सांगितला.

"समज, मंडप खचाखच भरला. सगळे ओळीनं बसले. बाहेरून एक दारुडा, म्हणजे तो आयन, धावत आला अन् घुसला. ज्याले धक्का बसला तो उडून दुसऱ्याच्या मांडीवर पडला. त्याची खुर्ची खाली झाली. मंग बाजूचा तिथं सरकते, त्याच्या जागेवर त्याच्या बाजूचा. ती खाली जागा अशी मंडपभर फिरते, बाई. धातूतले अणू असेच सरकतात."

"अन् दारुडा?"

"तो आतच अडकून बसते."

लय हासलो होतो आम्ही.

तापवलं की बरेच अणू जागेवर येतात म्हणे, सगळे नाई. कोण किती सरकलं, तेच तो पाहत होता. अणुभट्टीतलं लोखंड किती टिकन, ते याच्यावरून समजते म्हणे.

मी तवाच विचारलं होतं, आपल्या अंगाले काही होते का याच्यानं?

"मार धातूले बसला, तुले नाई. त्याच्यातून आता काही निघत नाई."

मी मानलं. आजही मानते.

पण मागच्या हप्त्यात सरांचा फोन आला, मनिरामचे सॅम्पल पाठवा म्हणून. अंगणात गोट्याच्या कामासाठी गाव बसलं होतं. मी स्पीकर लावला अन् सांगितलं, सर, ते त्याच्यासंग मातीत दिले.


सर म्हणाले, "अरे बापरे."
अन् फोन कट.

तेवढं सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी अणुभट्टीचं नाव काढलं, म्हणे डबीतलं जहर मातीत उतरन, ते काढा. दुसऱ्या दिवसापासून मन्याच्या मातीबाजूच्या मोहाखाली एकही बाई गेली नाई. फुलं पडून सडून राह्यली. माझी सून दोन जीवाची आहे, तिनं तिथचेच मोह वेचले होते. ती आता माझ्याशी धड बोलत नाई.
मले झोप नाई.

मन्या, तू गेला अन् आई तुझ्या खाटेवर झोपते. आईच्या चुलीपाशी मी. तुझ्या बांधावर माझा नवरा, तुझे भाटवे. कोणीच आपल्या जागेवर नाई राह्यलं, बाप्पा. आता तुलेही जागेवरून काढतो म्हणतात.
तुले हात जोडते. फुलं शुक्रवारी वाहीन, गोट्यापाशी. आज नाई.

अन् सर, मले एकच सांगा.
तुमचं ते "अरे बापरे" तुकड्यांसाठी होतं, का आमच्यासाठी?

तुकड्यांसाठी असन तर गावासमोर तसं बोला, मी स्पीकर लावते. आमच्यासाठी असन तर मीच पहिली कुदळ मारते.
गुरुवारच्या दिवेलागणीपर्यंत सांगा. शुक्रवारी सकाळी लोक येऊन राह्यले.