जावळातलं शहाणं लेकरू

मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, गावच्या फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यात मी कोपऱ्यात पासपोर्टएवढी, आणि मधोमध तात्या. काळा गॉगल, कानाला मोबाइल. इंजिनिअर नेमकं कोण होणार आहे, हे एसटीतून बघणाऱ्याला कळायची सोय नव्हती.

दुसऱ्या वर्षाला असताना धाराशिवात माझ्या खोलीशेजारच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतून बोलावणं आलं. कॉम्प्युटर बंद पडला होता आणि मी कॉम्प्युटरवाली. तो काही मला दुरुस्त करता आला नाही. कॉलेजात तेवढं सोडून बाकी सगळं शिकवत होते. पण पलीकडच्या वर्गात एक बाई एका मुलीच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरून तिला 'प' म्हणायला शिकवत होत्या. बराच वेळ पट्टी ढिम्म. मग एकदाची हलली आणि ती पोरगी अशी हसली, की मी त्या दिवशी लेक्चर बुडवलं. पुढं बुडवतच गेले. वर्ष संपल्यावर इंजिनिअरिंग सोडलं आणि या मुलांना शिकवण्याच्या कोर्सला प्रवेश घेतला. आयुष्यात पहिल्यांदा अभ्यास गोड लागला.

घरात मात्र सुतक. वडील महिनाभर माझ्याशी आईमार्फत बोलत होते. तात्यांनी फ्लेक्स उतरवून कडब्याच्या गंजीवर टाकला, छापील बाजू खाली करून.

"चांगली शिकत हुती, आन् आता बहिऱ्यांपुढं हातवारे करती," असं ते पारावर बसून सांगायचे. स्वतः तात्या हातवारे केल्याशिवाय एक वाक्य पुरं करत नाहीत.

कोर्स संपत आला तेव्हा त्यांच्या नातवाचं जावळ तुळजापूरला निघालं. पोरगं मामाच्या मांडीवर झोपलेलं. शेजारी गोंधळी संबळ असा बडवत होते, की माझे कान दुखायला लागले. पोराची पापणी हलली नाही.

"किती शहाणं लेकरू! रडणं न्हाय का काय न्हाय," बाया म्हणाल्या आणि कानशिलावर बोटं मोडून मोकळ्या झाल्या.

मी तात्यांना बाजूला घेतलं. "तात्या, याचे कान तपासून घ्या. लगेच."

"तुला आता समदीच बहिरी दिसाया लागली व्हय?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "आपल्या खानदानात पोरं उशिराच बोलत्यात. जा, जेवून घे."

दिवाळीला परत सांगितलं. तेव्हा तर मला चहासुद्धा विचारला नाही. घरात तात्यांपुढं बोलायची पोराच्या बापाची टाप नव्हती. आणि बोलायला शिकायची पोराची वर्षं चालली होती.

दोन वर्षांनी तात्या नातवाला घेऊन मी शिकवत होते त्या शाळेत आले, तोंडाला उपरणं गुंडाळून. पोरगं अजून एक शब्द बोलत नव्हतं. तपासणी झाली, ऐकायचं मशीन आलं. ते मी पोराच्या कानामागं बसवत होते, तेवढ्यात तात्या हळूच म्हणाले, "याची केसं वाढवावी का गं? झाकून जाईल. आन् गावात कुणाला बोलू नको."

मग माझं डोकं फिरलं. "तात्या, मी इंजिनिअर होणार हे तुम्ही फाट्यावर टांगलं होतं. आणि हे बोटाएवढं मशीन झाकायचं?"

मी मशीन चालू केलं, वर्गातली हलगी घेतली आणि पोराच्या पाठीमागं उभी राहून जोरात थाप मारली. पोरगं दचकलं, गर्रकन वळलं आणि मोठ्यानं रडायला लागलं.

तात्या घाबरले. "अगं, रडायलंय की ते!"

"रडू द्या," मी म्हटलं. "हे जावळाच्या दिवशीच रडायला पाहिजे होतं."