काठावरून दाखवलेलं बेट

माझी शाळा दुसरीत सुटली, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी हे वाचू नये. ज्यांना कुणाकडून जागा घ्यायची असेल त्यांनी वाचावं. आणि मंगळवार बाजारात चहाच्या दुकानाबाहेर बाकावर जो माणूस बसतो, त्याला कुणी वाचून दाखवलं तर फारच बरं.

मी सोलापुरात गिरणीत एकोणीस वर्षं काढली. चाळीची खोली, वर पत्रा, आणि पहाटेपासून भोंगा. त्या भोंग्यानं मी उठायचो, त्यानंच जेवायचो. सणाच्या दिवशी गिरणी बंद असली तरी भोंग्याच्या वेळेला आपसूक उठून बसायचो. तेव्हा मी बायकोला म्हणालो, जिथं हा ऐकू येणार नाही अशा जागी मरायचं. भीमेत एक मोठं बेट आहे असं खात्यातल्या एकानं सांगितलं होतं. गाडीनं तीन टेसनं, पुढं पायी दोन कोस. दोन्हीकडून नदी, मधे काळी माती, पाच-सात घरं. वांगी, मिरची, कलिंगडं. ते डोक्यात बसलं ते बसलंच.

बाजारात विचारलं तेव्हा सगळ्यांनी त्याच बाकाकडं बोट दाखवलं. पांढरं धोतर, काळा कोट, उन्हाळा असो पावसाळा असो हातात छत्री. जागेचा दलाल. बोलणं असं गोड की आपण त्याच्या घरचेच.

फाल्गुनात तो मला जागा दाखवायला घेऊन गेला. गावाकडची धार बारा महिने खोल असते. पलीकडची उन्हाळ्यात आटते, पण तिकडून जायचं तर चार कोसांचा वळसा. काठाला एक सांगड बांधलेली होती, म्हणजे वाळक्या भोपळ्यांवर बांधलेली बाज. तीवर बसायचं आणि पोहणारा माणूस ती ढकलत नेतो.

"चला पाव्हणं, पलीकडं जाऊ," दलाल म्हणाला.

इथं मी एक कबूल केलं पाहिजे. आजवर केलेलं नाही. मला पाण्याची भीती वाटायची. लहानपणी विहिरीत पडलो होतो, तेव्हापासून बादलीतलं पाणीही मी जरा लांबून बघायचो. पण अंगापिंडानं मी धिप्पाड, मिशा वळवलेल्या, खात्यात माझा वचक. पाण्याला भितो म्हणून कसं सांगणार?

"कशाला?" मी म्हणालो. "दिसतंय की हितनं."

तो हसला. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. मी पाण्यापासून चांगला सात-आठ पावलं मागं उभा होतो. मग त्यानं छत्री उचलली आणि तिच्या टोकानं काठावरूनच जागा दाखवली. "ती बाभूळ दिसती का? तितनं त्या दुसऱ्या बाभळीपातूर. माती बगा, लोण्यासारखी हाय."

चहाच्या दुकानात कागद झाला, मी सही केली, विसार दिला. खोली सोडली, नोकरी सोडली. चाळीत सगळ्यांना सांगितलं की आम्ही बेटावर चाललो, या एकदा कलिंगड खायला.

चैत्राच्या शेवटी संसार गाडीत घालून आम्ही काठावर आलो. बायको, दोन शेळ्या, जातं, पाटा-वरवंटा. पलीकडं त्या बाभळीखाली एक माणूस खुरपत होता. हाका मारल्या. काठावरच्या झोपडीतून एक म्हातारी कोळीण आली. सांगड तिची. ती जाऊन त्या माणसाला घेऊन आली.

"माझी जमीन?" तो शेतकरी म्हणाला. "कुनी इकली? मला तर ठावं न्हाय."

कागद गावच्या कुलकर्ण्यानं वाचला. त्यात होता बेटाच्या शेपटाकडचा वाळूचा पट्टा, पहिल्या पुरात पाण्याखाली जाणारा. गाडीवान गाडी उलटी वळवताना हसत होता. मी त्याच्याकडं बघितलं तरी हसत होता.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन बाकावर गेलो. दलाल उठलासुद्धा नाही. भरल्या दुकानात म्हणाला, "मी शेपटाकडची बाभूळ दाखवली. तुमी दुसरीकडं बगितलंत त्याला मी काय करू? मी तर म्हनलं व्हतं, चला पलीकडं. तुमीच न्हाय म्हनलात. व्हय का न्हाय?"

व्हय. तसंच झालं होतं. सगळं दुकान माझ्या तोंडाकडं बघत होतं. का नाही गेलो, आणि त्यानं ते कसं हेरलं, हे सांगितलं असतं तर लोकांनी त्याला दोष दिला असता. पण ते सांगण्यापेक्षा मी काठी घेऊन माघारी फिरलो. मारलं नाही, कारण मारून ते लवकर संपलं असतं.

खोली दुसऱ्याला गेली होती. आम्ही मेहुण्याच्या पडवीत राहिलो. सात महिने. दुसऱ्या गिरणीत बदली कामगार म्हणून उभा राहायचो, कधी काम मिळायचं, कधी नाही. मेहुणा रोज सकाळी चहाचा कप देताना विचारायचा, "काय दाजी, बेटावरचा वारा कसा हाय?" बायको काही बोलायची नाही. शेळ्या विकल्या तेव्हाही बोलली नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पण बेट डोक्यातून गेलं नाही. उलट आता दोन गोष्टी डोक्यात होत्या. एक, बेटावर जागा घ्यायचीच. दोन, त्या माणसाला पाण्यावर बसवायचंच. दुसरी कशी करायची ते ठाऊक नव्हतं, पण पहिलीशिवाय दुसरी होणार नाही एवढं कळत होतं.

खरा दलाल कसा शोधायचा? मी वकिलाच्या कारकुनाला विचारलं, त्यानं स्वतःच्या साडूचं नाव सांगितलं. देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं, त्यानं पुतण्याचं सांगितलं. पानवाल्यानं तर सांगितलं की तो स्वतःच आहे, पान हा जोडधंदा. शेवटी मला ती कोळीण आठवली. गाडी परत निघाली तेव्हा सगळा काठ हसत होता, ती एकटी हसली नव्हती. तिनं आमच्या शेळ्यांना पाणी पाजलं होतं.

आषाढाच्या आधी मी तिच्या झोपडीवर गेलो.

"मावशी, मला बेटावर जागा बघून द्या."

ती जाळं विणत होती. घरात ती कानडी बोलायची, माझ्याशी मराठी. "आत्ता न्हाय," ती म्हणाली. "आखाडात ये. पानी चढल्यावर. उन्हाळ्यात बेट समद्यास्नी चांगलं दिसतंय."

"तो दलाल तर लगेच..."

"त्यो व्हय? त्यो आजवर माज्या सांगडीवर बसला न्हाय. समद्यास्नी म्हनतो चला पलीकडं. जो न्हाय म्हनंल त्याला हितनंच इकतो. जो व्हय म्हनंल त्याला सांगतो, आज धारंला ओढ हाय, उद्या येऊ. अन् त्याला काय परत आनत न्हाय."

मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू बी भितोस पान्याला."

"कोन म्हनलं?"

"कोन म्हनायला कशाला पायजे? बसलायस बग किती लांब."

मी मिशीला हात लावला. आखाडात परत गेलो. नदी फुगलेली, लाल, मधून झाडं वाहत चाललेली. आठ दिवस तिच्या झोपडीत राहिलो. बेटाचा निम्मा भाग गेला. माझा वाळूचा पट्टा तर पहिल्याच दिवशी गेला. वरच्या अंगाची, चिंचेजवळची जमीन मात्र कोरडी राहिली. तिथल्या म्हाताऱ्याला मुलगा नव्हता, लेकीकडं जायचं होतं. मावशी त्याच्याशी बोलली. तिला काय द्यायचं म्हणून विचारलं तर म्हणाली, "वर्सातनं आठ दिस माजी सांगड ढकल."

"मला पोहता येत न्हाय."

एवढं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. तिनं जाळं बाजूला ठेवलं. पाणी उतरल्यावर तिनं माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि मला धारेत लोटलं. चाळीस वर्षांचा मिशीवाला माणूस, पाठीला भोपळा. काठावर बाया धुणं धूत होत्या, त्या तोंडाला पदर लावून बघायच्या. मी शरमेनं मेलो असतो, पण प्रत्येक हाताबरोबर मला ती छत्री दिसायची. लोक भक्तीनं शिकतात, पोटासाठी शिकतात. मी त्या माणसाच्या रागानं पोहायला शिकलो, आणि महिन्याभरात शिकलो.

कार्तिकात जमीन मोजायला उभे राहिलो. त्या बेटावर एक रिवाज आहे. जो जमीन देतो किंवा दाखवतो, त्यानं तिथलंच ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि बांधावरून एक फेरी घालायची. खोट्या बांधावर चालला तर माती त्याला सोडत नाही, असं सगळे मानतात. मालक म्हातारा चालला. त्याच्यामागं मावशीनं ओलं ढेकूळ उचललं आणि डोक्यावर ठेवलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मातीचं पाणी तिच्या कपाळावरून, मानेवरून ओघळत होतं, आणि ती पाय मोजून टाकत होती. फेरी पुरी झाल्यावर म्हणाली, "ही तुजी." मी त्या दिवशी तिच्या पाया पडलो. दुसऱ्या कुणाच्या पडलो नाही.

घर झालं. भोंगा ऐकू येत नव्हता. मी मात्र वाट बघत होतो.

दोन उन्हाळे गेले. मी मावशीचे आठ दिवस ढकलत होतो, उन्हानं काळा पडलेला, डोक्याला फडकं, मिशी भादरलेली. काठावर पांढरं धोतर दिसलं. हातात छत्री. बरोबर गिरणीतला एक मुकादम आणि त्याची बायको. दलालानं मला ओळखलं नाही.

"चला पाव्हणं, पलीकडं जाऊ," तो मुकादमाला म्हणाला. तेच बोलणं, तोच सूर.

मुकादमानं पाण्याकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या. हितनं दिसतंय."

छत्री वर उठली. तेवढ्यात मी म्हणालो, "दलालबुवा, पाव्हन्यास्नी हितनं काय नीट कळायचं न्हाय. तुमीच जाऊन त्या बाभळीखाली उबं ऱ्हावा की. पैसं नगं मला."

"हां, हे बेस हाय," मुकादमाची बायको म्हणाली. "जावा तुमी."

"धारंला ओढ हाय आज," दलाल म्हणाला.

"शेळ्या पोहून जात्यात आज," मी म्हणालो.

गिऱ्हाईक बघत होतं. तो बसला. वहाणा हातात घेतल्या, छत्री काखेत. मी ढकलायला लागलो. मधे त्यानं डोळे मिटले आणि बाजेचा पाय दोन्ही हातांनी धरला. मला त्याच्या जागी मीच दिसलो, आणि त्यामुळं त्याचा राग आणखी आला.

बाभळीखाली तोच शेतकरी खुरपत होता. "दादा," मी म्हणालो, "ह्यांनी तुमची जमीन इकायला काढलीया. आपला रिवाज सांगा ह्यास्नी."

शेतकऱ्यानं काही विचारलं नाही. खाली वाकून एक ढेकूळ उचललं आणि त्याच्यापुढं धरलं.

"मी दलाल हाय, मालक न्हाय," तो म्हणाला.

"मावशी बी मालक नव्हती."

त्यानं ढेकळाकडं बघितलं, मग पाण्याकडं, मग पलीकडं गिऱ्हाइकाकडं. हात पुढं केला नाही. छत्री उघडून तो तिथंच मातीवर बसला. शेतकऱ्यानं हातांचा भोंगा करून पलीकडं हाक दिली, "ही जिमीन इकायची न्हाय वो." मुकादम आणि बायको स्टेशनाच्या वाटेला लागले.

मी त्याला दिवस मावळेपर्यंत तिथं ठेवला. पलीकडची धार अजून आटली नव्हती. पाणी दिलं, भाकर दिली. सांगड दिली नाही. शेवटी मावशी काठावर येऊन उभी राहिली. "आन त्याला परत. न्हाय तर माज्या सांगडीला हात लावू नगंस."

आणला. मधे एका ठिकाणी पायाखाली खडक लागतो, ते मला ठाऊक होतं. तिथं मी थांबलो.

"वळकलं का?" मी विचारलं.

त्यानं डोळे उघडून बघितलं. ओळखलं. बाज घट्ट धरलेलीच, पण तोंड तेच. "मी सांगितलं व्हतं चला पलीकडं," तो म्हणाला. "तुमीच न्हाय म्हनलात."

मी बाज जराशी कलती केली. छत्री पाण्यात पडली आणि उलटी होऊन वाहत गेली. मी ती जाऊ दिली.

विसार परत मिळाला का, असं लोक विचारतात. मी मागितलाच नाही. त्यानं दिला असता तर मला गप्प बसावं लागलं असतं.

बेटावरच्या जागा तो आता विकत नाही. त्या बाकावर मात्र असतो, शहरातल्या खोल्या दाखवतो. मी दर मंगळवारी वांगी घेऊन बाजाराला येतो आणि चहाच्या दुकानासमोरच पोतं अंथरतो. वांग्यांच्या शेजारी बेटावरचं एक ढेकूळ ठेवतो. गिऱ्हाईक विचारतं, हे कशाला? मग मी सांगतो. पहिल्यापासून सांगतो, आणि हळू आवाजात सांगत नाही. एवढंच आहे की पाण्याच्या भीतीबद्दल जे वर लिहिलं, ते बाजारात सांगत नाही.

तिथं दुपारी ऊन तोंडावर येतं, वांगी सुकतात. बायको दर मंगळवारी म्हणते, "अवं, आतल्या वळीत सावली हाय. तिकडं का बसत न्हाय?"

मी म्हणतो, "हितनं दिसतंय."