आगाऊ उपकारस्तुती

धुळ्याला अक्काच्या अंगणात उपकारस्तुतीचं जेवण होतं. मी पंगतीत रागाने धुमसत वरण वाढत होते. आम्हा ख्रिस्ती लोकांत ही चाल जुनी आहे. कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं, कुणाला उशिरा मूल झालं, की घरी मांडव घालायचा, पाळकांना बोलवायचं, गाणी म्हणायची. घरच्या माणसाने उभं राहून देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायची आणि मग सगळ्यांनी पोटभर जेवायचं. मी याच चालीत लहानाची मोठी झाले आणि मला ती आवडते. फक्त त्या दिवशीच्या जेवणात एका गोष्टीची कमतरता होती. अक्का बरी झालेली नव्हती.

तिच्या डाव्या स्तनात गाठ होती. हिवाळ्यात ती हाताला लागली तेव्हा अक्का पहिल्यांदा माझ्याकडेच, जळगावला आली. मी इथे एका डाळमिलच्या कचेरीत काम करते, आणि सर्जनबाईंचा दवाखाना त्याच रस्त्यावर आहे. सुईने तपासणी झाली, रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला. पण सर्जनबाईंनी अक्काचा हात धरून सांगितलं की गाठ लहान आहे, तुम्ही वेळेत आलात, तेवढीच काढून टाकू. महिन्याच्या आत या म्हणाल्या. अक्का हो म्हणाली, घरचं आवरून येते म्हणाली, आणि धुळ्याच्या बसमध्ये बसली.

ती का परत फिरली ते मला ठाऊक आहे. आमची आई याच रोगाने गेली. आईच्या आजारात आमच्या जुन्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब घरी यायचे, पलंगाशी उभे राहून हळू आवाजात प्रार्थना करायचे आणि दर वेळी शेवटी 'तुझी इच्छा असेल तर' असं म्हणायचे. त्या 'तर'चा मला तेव्हापासून संताप आहे. आई बरी झाली तर देवाने केलं, गेली तर देवाची इच्छा, म्हणजे चित भी मेरी, पट भी मेरी. आई गेली. प्रेत घरात असतानाच पाळकसाहेब म्हणाले की तिला आता पूर्ण आरोग्य मिळालं आहे. मी कॉलेजात होते तेव्हा. उठून मोरीत गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले, कारण तिथे थांबले असते तर त्यांना नको ते बोलून गेले असते.

धुळ्याच्या नव्या पास्टरकडे हा 'तर' नव्हता, आणि अक्काला तेच हवं होतं. पाइपांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्याची मंडळी भरते. कीबोर्ड आहे, माइक आहे, भिंतीवर पडदा आहे. शेजारणीने अक्काला तिथे नेलं. पास्टरने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेलाची बाटली दिली आणि सांगितलं की देवापुढे जर-तर करायचं नाही. मागितलेलं मिळालंच असं धरायचं आणि आभार आधी मानायचे. ज्याचा विश्वास खरा तो उपकारस्तुती आधी ठेवतो, बरं होणं मागून येतं. आमच्याकडे म्हण आहे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. डाळमिलमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला ती दुसऱ्या कुणी सांगायला नको. पण अक्काने ते ऐकलं, आणि मला वाटतं, कित्येक दिवसांनी तिला त्या रात्री झोप लागली असेल.

जेवणाच्या आदल्या दिवशी मी धुळ्याला पोचले तेव्हा अक्का हसत होती. मला आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं, माझा हात धरून पदराखाली ठेवला आणि म्हणाली, "देख, कमी व्हयनी ना?" कमी झालेली नव्हती. मला तर किंचित मोठीच लागली. मी तसं सांगितलं. तिने माझा हात बाजूला सारला आणि पदर सारखा केला.

"तुना हातमा विश्वास नही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मांडवात उभं राहून साक्ष दिली. "प्रभूनी माले बरं कयं," असं माइकवर म्हणाली आणि बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या कितीतरी बाया रडत होत्या. साक्रीकडच्या, शिरपूरकडच्या खेड्यांतून जीपने आलेल्या बाया, ज्यांना दुखलं-खुपलं तर डॉक्टर गाठायला अर्धा दिवस जातो. मग त्या माझ्या हातची वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवल्या, अक्काचे हात हातात घेऊन बघत बसल्या आणि गेल्या.

मला वाटलं होतं, झालं एकदाचं. आता तिची हौस फिटली, आता तिला घेऊन जाऊ. मूर्ख मीच. साक्ष दिल्यानंतरच तर दार बंद झालं. ऑपरेशनचा विषय काढला की अक्का म्हणायची, आता मी दवाखान्यात गेले तर शंभर लोकांसमोर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल. म्हणजे देवाची अब्रू हिच्या छातीवर टांगलेली. ज्याने आभाळ उभं केलं त्याला लाज वाटू नये म्हणून माझी बहीण मरायला तयार होती. दाजींना फोन केला तर ते म्हणाले, तिचं मन शे, मी काय बोलू. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हा माणूस ब्रेकचा आवाज बदलला तरी गाडी बाहेर सोडत नाही, आणि घरात बायको सोडून दिली देवाच्या भरवशावर. मी त्यांना त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही.

आमचे शेठजी मारवाडी जैन. मला दोन-तीनदा फोनवर ओरडताना त्यांनी ऐकलं असावं. एकदा चहा घेताना त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, आमच्या घरात बाया 'बोलवा' बोलतात, तुमच्या गावात त्यालाच नवस म्हणतात. पण फेडतात काम झाल्यावर. आधी फेडलेला नवस मी पहिल्यांदा ऐकतोय." मला हसू आलं आणि लगेच शरमही वाटली, कारण आमच्याच लोकांतल्या एकानेही अक्काला एवढी सरळ गोष्ट सांगितली नव्हती.

उन्हाळा लागला. काखेत दुसरी गाठ आली. शेजारणीने मला चोरून फोन करून कळवलं. पास्टरकडे त्याचंही उत्तर तयार होतं. घरातल्या एखाद्याच्या अविश्वासामुळे आशीर्वाद अडतो, असं त्याने अक्काला सांगितलं. आता घरातलं एखादं म्हणजे कोण हे शोधायला काही लांब जावं लागत नव्हतं. अक्काने मला फोन केला आणि म्हणाली, थोडे दिवस येऊ नकोस. आवाज मऊ होता तिचा. माझ्या शंकेने तिची गाठ वाढत होती, असं तिला खरोखर वाटत होतं. मी फोन ठेवला आणि कचेरीतल्या लोखंडी कपाटाला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलं.

जळगावला मी रविवारी उपासनेला जात राहिले. मागच्या बाकावर बसायचे आणि लोकांच्या साक्षी ऐकायचे. कंबर दुखायची थांबली. मुलाला पुण्यात नोकरी लागली. चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली. जन्मभर साक्षी ऐकल्या मी, पण तुटलेला पाय पुन्हा उगवला अशी एकही नाही. देवाला जमतं ते सगळं आपोआप होण्यासारखंच कसं असतं, हे एकदा त्याने मला समोर बसून सांगावं. देव नाहीच म्हणून मोकळं व्हावं असं किती वेळा वाटलं. शेजारच्या फ्लॅटमधला मास्तर तसा मोकळा आहे, सुखात असतो, रविवारी उशिरा उठतो. मला ते जमलं नाही. भाजी चिरताना, बस धरताना, मी त्याच्याशी भांडतच होते, आणि नसलेल्या कुणाशी एवढं भांडता येत नाही. 'तुझी इच्छा' म्हणणाऱ्यांचा मला राग होता, 'झालंच' म्हणणाऱ्यांचाही होता, पण सगळ्यात जास्त त्याचा होता. दोघांचंही तो गप्प बसून ऐकून घेतो. एकालाही कान धरून सांगत नाही की अरे, ती बाई मरतेय, तिला डॉक्टरकडे न्या.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी अक्का डाळमिलच्या दारात उभी राहिली. एकटी आली होती. पदर घट्ट गुंडाळलेला आणि त्यावर ओला डाग. गाठ फुटली होती. मी तिला आत आणून बसवलं, पाणी दिलं. ती रडली नाही. जन्मात पहिल्यांदा मी तिला माझ्यासारखी चिडलेली बघितली.

"मी त्याच्यासाठी बठ्ठ्यांसमोर उभी राहिले," ती म्हणाली. "तो माझ्यासाठी उभा राहिला नाही."

सर्जनबाईंनी तपासलं आणि फक्त विचारलं, कुठे होतात इतके दिवस? आता तेवढीच गाठ काढण्याची वेळ गेली होती. आधी औषधांच्या बाटल्या शिरेतून, मग ऑपरेशन, पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी, मग पुन्हा औषधं. किती यश येईल ते सांगता येत नाही म्हणाल्या. अक्का माझ्याकडे राहिली. केस गेले, तोंड आलं, भाताचा वास सहन होईना. मी तिचं डोकं पुसत होते तेव्हा माझ्या मनात देवासाठी शिव्यांखेरीज काही नव्हतं, आणि त्या मी त्यालाच दिल्या. ऑपरेशनच्या सकाळी तिने प्रार्थना कर म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आभार मी मानणार नाही, मागेन फक्त. ती म्हणाली, माग. मी मागितलं, दमात घेतल्यासारखं.

ऑपरेशन झालं. ती जिवंत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही.

औषधं संपली आणि ती म्हणाली, माले त्या मंडळीमा जानं शे. मी म्हटलं, वेड लागलं का. पण ती ऐकेना, म्हणून मी सोबत गेले. पास्टर तिला बघून हात जोडून पुढे आला. त्याने माइकवर जाहीर केलं की देवाने डॉक्टरांच्या हातून आपल्या बहिणीला बरं केलं, आपण दिलेली उपकारस्तुती वाया गेली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. याला म्हणतात पडलो तरी नाक वर. मी उठणार होते, अक्काने माझा गुडघा दाबून धरला आणि स्वतः उठली.

डोक्याला रुमाल बांधलेला होता तिच्या. माइक घेऊन ती म्हणाली, मी तुम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं आणि सांगितलं होतं की गाठ गेली. गाठ गेली नव्हती. मी हात लावून बघत होते रोज, मला माहीत होतं. तेव्हाच कापली असती तर थोडक्यात भागलं असतं. पास्टरने कीबोर्डवाल्या पोराला खूण केली. गाणं सुरू झालं, माइक बंद झाला. अक्का तशीच बोलत राहिली. पुढच्या दोन-तीन ओळींपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल, कारण मागचे लोक टाळ्या वाजवत गाऊ लागले होते. मी तिला धरून जिन्यावर आणलं.

अर्ध्या जिन्यात मागून एक बाई उतरून आली. तिशीची असेल, कडेवर पोर. साक्रीकडच्या खेड्यातली होती. जेवणाच्या दिवशी अक्काचे हात धरून बसलेल्या बायांतली एक. पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन ती हळू म्हणाली, "अक्का, मनीबी तठेच शे."

तिच्याही स्तनात गाठ होती आणि तिला सरकारी दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख मिळाली होती. अक्काच्या अंगणातून जेवून गेली आणि त्या तारखेला गेलीच नाही. अक्का बरी झाली, मग मीही होईन, असं तिने धरलं होतं. तेव्हापासून रोज तेल लावत होती.

अक्का पायरीवर मटकन बसली. वर हॉलमध्ये गाणं टिपेला गेलं होतं. मला वर जाऊन त्या माणसाची गचांडी धरायची होती. गेलेही असते, पण अक्काने माझी साडी मुठीत धरली होती आणि ती सोडत नव्हती. त्या बाईने पोराला खाली उभं केलं, पदर डोक्यावर घेतला आणि अक्कासमोर मान वाकवली. आमच्यात अशी मान वाकवली की समोरच्याने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असते. अक्काने हात उचलला नाही. तिने त्या बाईचं मनगट धरून तिला शेजारी बसवलं.

"सकायनी पहिली जळगाव गाडी," अक्का म्हणाली. "तू आनि मी. प्रार्थना गाडीमाच करसूत."