पाणी डोळ्यातले, आजार नाकातला

"मास्तर, यांच्या डोळ्यात काही नाही. जे आहे ते नाकात आहे, आणि ते आजकालचे नाही."

नाक-कान-घशाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा नागपूरहून यवतमाळच्या दवाखान्यात येत. कपाळावर आरसा बांधून ते माझ्या पत्नीच्या, विमलच्या, नाकात पाहत होते. नाकपुडी फाकवायच्या चिमट्याला नेझल स्पेक्युलम म्हणतात. तो काढल्यावर त्यांनी मान किंचित बाजूला वळवली, एक श्वास घेतला आणि मग पुन्हा तिच्याकडे पाहिले. मला ती मान ओळखीची होती. मी घरात रोज तशीच मान वळवत होतो.

मी बोरी अरबच्या शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवतो. महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. विमलच्या डाव्या डोळ्यातून सारखे पाणी येई. पदराने टिपून टिपून कडेची कातडी सोलवटली होती. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे गावाने ठरवून टाकले की मास्तरीणबाई मुलासाठी रडते. "मी रडून नाही राह्यली, पाणी येते," असे ती सांगायची. कोणी मानत नसे.

डॉक्टरांनी तिच्यासमोरच कागदावर चित्र काढले. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरणारी एक बारीक नळी असते, तिचे नाव नेझोलॅक्रिमल डक्ट. नेझो म्हणजे नाकाचे, लॅक्रिमा म्हणजे आसू, दोन्ही लॅटिन. अश्रू रोज याच वाटेने नाकात जातात. खालचे तोंड बुजले, म्हणून पाणी गालावर येत होते.

मग त्यांनी विमलला नाव नोंदवायला बाहेर पाठवले आणि दार लोटले.

आजाराचे नाव ॲट्रॉफिक रायनायटिस. नाकाच्या आतले ओले अस्तर, म्हणजे नेझल म्यूकोसा, सुकत आणि विरत जाते. पोकळी रुंद होते, तीत खपल्या साचतात आणि त्या सडतात. आपल्याकडे याला पीनस म्हणतात. वास इतका येतो की शेजारी बसवत नाही. पण वास ओळखणारा भागही त्याच अस्तराबरोबर मरतो, म्हणून रोग्याला स्वतःला काही कळत नाही.

"वास कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारले.

मी म्हणालो, मिसेसना थोडा नेझल ट्रबल पूर्वीपासून आहे.

"नेझल म्हणजे नुसते नाकाचे. तो पत्ता झाला, आजार नाही. मी वास विचारला."

मग मला सांगावे लागले. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच सुरू झाला होता.

असा आजार ज्यांच्या घरात असेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे, म्हणून लपवत नाही. मला वास येत होता आणि मी तिला तो कधी सांगितला नाही. कसे सांगावे ते सुचले नाही, हे खरे. आणि सांगितले की काहीतरी करावे लागेल, हेही खरे. मी ओसरीवर बाज टाकली. पेपर तपासायचे आहेत, कंदिलाने तुझी झोप मोडते, असे तिला म्हणालो. परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या, बाज ओसरीवरच राहिली. हेडमास्तरांच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्या शेजारच्या बाया एकेक करून उठल्या, आणि पुढच्या वर्षापासून बोलावणेच बंद झाले. हेडमास्तर एकदा आमच्या ओसरीवर अडखळत काही विचारू लागले तेव्हा मी खाली आवाजात म्हणालो, "नेझल ट्रबल आहे, सर." त्यांनी मान डोलावली. इंग्रजी शब्दाला वास नसतो. तो घातला की दोघांचीही सुटका होई.

विमलने याचा अर्थ आपल्या परीने लावला. वांझ बाई ओटीच्या, डोहाळ्याच्या कार्यात नको असते, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. बाया दूर सरकल्या की ती स्वतःच उठून यायची. केळापूरच्या देवीला नवस बोलली, पायांत चप्पल घालणे सोडले. माझी बाज ओसरीवर का आहे, याचेही तिने तेच उत्तर शोधले असणार. मी ते खोडून काढले नाही.

आमच्याकडे नेमाने येऊन बसणारी एकच बाई होती, शेजारच्या मोटार मेकॅनिकची आई. तिला सगळे खाला म्हणत. "इन लोगों का छोड बेटी, तू मले चहा पाज," म्हणत ती विमलला खेटून बसे. तिचे मन मोठे होतेच. शिवाय जन्मभर तपकीर ओढून तिचे नाकही गेलेले होते.

डॉक्टरांनी मला उपाय सांगितला तो साधा होता. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घालायचा, आणि रबरी नळीने सकाळ-संध्याकाळ नाक धुवायचे. यालाच नेझल डूश म्हणतात. पुढे वाकायचे, तोंड उघडे ठेवायचे, श्वास तोंडाने घ्यायचा, पाणी जोराने सोडायचे नाही. खपल्या निघाल्या की ग्लिसरीनमधल्या ग्लुकोजचे थेंब. हे बरे होत नाही, आटोक्यात राहते. म्हणून जन्मभर करायचे.

"आणि हे त्यांना आजच सांगा," ते म्हणाले. "ज्या बाईला वासच माहीत नाही, ती कशासाठी नाक धुईल?"

मी हो म्हणालो. एसटीत तिच्या शेजारी बसून दारव्ह्याच्या रस्त्याकडे बघत राहिलो. लाडखेड गेले, बोरी आली. घरी पोचल्यावर सांगितले, "डोळ्यासाठी नाक धुवायचं आहे."

ती मनापासून धुवू लागली. सुरुवातीला हिरव्या-काळ्या खपल्या निघत. त्या पाहून ती घाबरे. महिन्याभरात डोळ्याचे पाणी थांबले. वासही कमी झाला. मी सुटलो असे मला वाटले. मग एका सकाळी नळी धुऊन खुंटीला टांगलेली दिसली. मी विचारले तर म्हणाली, "डोळा त बरा झाला, आता कायले?"

सोडून देऊ नये, डॉक्टर म्हणाले होते, असे काहीतरी पुटपुटलो. ती दोन दिवस धुवायची, चार दिवस विसरायची. वास परत आला. मला एका जागी बसवेना. वर्गात शिकवताना खिडकीशी जाऊन उभा राही, घरी आलो की पिशवी ठेवून पुन्हा बाजारात. सांगायचे वाक्य मी रस्त्याने मनात जुळवी आणि दाराशी आल्यावर मोडून टाकी. त्याच दिवसांत आठवीला श्वसनाचा धडा आला. नेझल कॅव्हिटी म्हणजे नासिकेची पोकळी, मी फळ्यावर लिहिले. लॅटिनमधला नासुस आणि आपली नासिका एकाच घराण्यातले शब्द असावेत, हेही मुलांना हौसेने सांगितले. आणि घरी त्याच अवयवाबद्दल माझ्या तोंडून एक मराठी शब्द निघत नव्हता.

दिवाळीनंतर तिला ताप भरला. डोळा आणि नाक यांच्यामधली जागा लाल होऊन सुजली, पापणी उघडेना. अश्रूंच्या पिशवीत पू झाला होता. खाटेवर घालून नेण्यापर्यंत वेळ आली नाही, पण मोटार स्टँडवर ती माझ्या खांद्यावर मान टाकून उभी होती, आणि मी, तेव्हाही, तोंड वाऱ्याकडे केले होते.

दवाखान्यात भरती केले. पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू झाली, छेद देऊन पू काढला. त्यांच्या वारी नागपूरचे डॉक्टर आले, त्यांनी नाकात पाहिले आणि काही न विचारता माझ्याकडे पाहिले.

बायकांच्या त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक लेकुरवाळी होती, तान्हे मूल कुशीत. तिची सासू आधी पदर नाकाला लावून बसली, मग आयाबाईच्या मदतीने सुनेची खाट भिंतीपर्यंत ओढून नेली. संध्याकाळी मी डबा घेऊन आलो तर विमलची खाट वॉर्डात नव्हती. ती बाहेर व्हरांड्यात होती, एका बाजूला चादर बांधलेली.

मी नर्सवर चिडलो. नर्स म्हणाली, "मी नाही काढलं. त्यांनीच मागून घेतलं."

विमल एका डोळ्याने माझ्याकडे पाहत होती. "त्या बुढीचं चुकलं नाही," ती म्हणाली. "तान्हं लेकरू हाये. माह्यासारखीची नजर कायले पडू द्या त्याच्यावर?"

मी डबा ठेवला आणि बाहेर पडलो. दवाखान्याच्या आवारात फिरत राहिलो. फाटकापर्यंत जाई, परत येई. फाटकाबाहेरचा चहावाला मला दोनदा चहा घेता का विचारून गप्प झाला. आजार तिच्या नाकात होता, पण तिला व्हरांड्यात नेऊन टाकणारा मी होतो, हे मला त्या फेऱ्यांत दिसले. वाक्य जुळवणे सोडून दिले आणि परत आलो.

"ती बाई नजरेला भ्यायली नाही," मी म्हणालो. "तुझ्या नाकातून वास येतो. फार वाईट वास. बाया त्याच्यामुळे दूर सरकतात. तुला तो कळत नाही, तो आजारच तसा आहे."

तिने चादरीचा काठ मुठीत धरला आणि विचारले, "कवापासून?"

मी सांगितले.

"तुमाले पह्यलेपासून मालूम होतं?"

"हो."

"म्हून ओसरीत झोपून राह्यले?"

मी मान हलवली.

"तुम्ही हेडमास्तरले नेझल नेझल करत होते, ते हेच काय? म्या तवा दाराआडून ऐकलं होतं." तिचा श्वास लागला, थांबून म्हणाली, "मले वाटलं, इंग्रजीत वांझले तसं म्हणत असन."

तीच पुढे बोलली, अगदी हळू, भांडणाचा स्वर नव्हता.

"त्या बायांले मनात लय बोलली मी. देवीले शिव्या घातल्या. एक तुमाले सोडून साऱ्याले बोलली."

त्यानंतर दवाखान्यातून सुटेपर्यंत ती माझ्याशी कामापुरते बोलली. मात्र डॉक्टर आले की उठून बसे आणि त्यांना स्वतः विचारे. ही पोकळी आत कुठपर्यंत जाते? डॉक्टर सांगत, नाकाच्या मागे घशाला मिळते तो भाग नेझोफॅरिंक्स. खपल्या तिथेही चिकटतात, गुळण्या करून त्या काढायच्या. मधला पडदा तो सेप्टम. कान का दडतो? त्याची नळीही तिथेच उघडते. तिने सगळे विचारून घेतले. शेवटी म्हणाली, "आता वास येते का नाही, हे मले कसं समजन?" डॉक्टर म्हणाले, ते तुम्हाला कधीच समजणार नाही कदाचित. घरातल्या माणसाने सांगायचे. आणि त्यांनी माझ्याकडे बोट केले.

सुटल्यापासून तिने डूश एकदाही चुकवला नाही. भल्या सकाळी चुलीवर पाणी, मग मोरीवर वाकून ती नळी धरून. झाले की चेहरा पुसून माझ्यापुढे येऊन उभी राहते. "सांगा."

पहिल्या दिवसांत मी "येतो" म्हणे. मग "कमी आहे". मग एक दिवस मनापासून "नाही" म्हणालो. मला वाटले ती हसेल. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशीही "नाही". तिसऱ्या दिवशीही. माझे प्रत्येक "नाही" खरे होते आणि एकही तिला पटत नव्हते. ती कोणाकडे गेली नाही, अंगणाबाहेर पडली नाही. हळदीकुंकवाचे बोलावणे पुन्हा आले ते तिने परत केले. बाज ओसरीवरून आत आणू का, असे मी एकदा विचारले. "राहू द्या," म्हणाली. मी रात्रभर आढ्याकडे बघत पडे. इतकी वर्षे गप्प राहून मी तिच्यासाठी माझी जीभ निकामी करून ठेवली होती.

थंडी वाढली तशी हवा कोरडी झाली. एका सकाळी ती धुऊन आली, उभी राहिली आणि मला थोडा वास आला. जुन्याइतका नव्हता. पंधरा दिवस ती माझ्या तोंडून "नाही" ऐकत होती, आणि आज "येतो" म्हणालो तर तिचा धीर सुटेल, पुन्हा सगळे सोडून देईल, असे मला वाटले. "नाही" जिभेवर तयार होते. तेच सोपे होते.

"आज येतो आहे," मी म्हणालो. "थोडा. डावीकडून."

ती रागावली नाही, रडली नाही. मोरीवर गेली, उरलेले पाणी पुन्हा चुलीवर ठेवले, पुन्हा वाकून डावी बाजू धुतली. एक मोठी खपली निघाली. ती येऊन उभी राहिली.

"आता?"

"आता नाही."

"खरं?"

"खरं."

"मंग कालचंही खरंच असन," ती म्हणाली.

त्या दुपारी ती खालाला बरोबर घेऊन बाजारात गेली. हेडमास्तरांच्या दारावरून जाताना त्यांच्या पत्नीने हाक मारली, तर थांबून बोलली. संध्याकाळी मी शाळेतून आलो तेव्हा ओसरी झाडलेली होती आणि बाज तिथे नव्हती.

आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. त्या डॉक्टरांचे उपकार मोठे आहेत, पण उपाय त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. इतका उशीर मी केला. ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांना एवढेच सांगतो: रोग्याला वास कळत नाही, म्हणून तुम्हीच सांगा, तुमच्या बोलीतल्या शब्दात सांगा, आणि पहिल्या दिवशी सांगा. उद्या सकाळी ती पुन्हा माझ्यापुढे येऊन उभी राहील. मला जो वास येईल तोच मी सांगेन.