गोदावरीतला बाप्तिस्मा

ओल्या गाळाचा वास आला की गेवराईजवळची गोदावरी आठवते. मी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं तेव्हापासून वडिलांनी माझं तोंड पाहणं सोडलं होतं. बाप्तिस्म्यासाठी चर्चच्या पाळकांसोबत कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि एकाएकी पायाखालची जमीनच गेली. वाळू उपसलेला खड्डा होता. पाळकांचा हात सुटला, नाकातोंडात पाणी गेलं. कुणीतरी दंडाला धरून मला वर ओढलं. डोळे उघडले तर वडील! ते काठावर कधी आले, कुणालाच कळलं नव्हतं. ‘‘हितं लई खड्डे हायेत,’’ ते ओरडले. आता हे मला घरीच नेणार, या भीतीनं मी थिजले. पण त्यांनी मला उथळ पाण्यात पाळकांपुढे उभं केलं आणि म्हणाले, ‘‘द्या आता, काय द्यायचं ते.’’ बाप्तिस्मा कुणी दिला असं आजही कुणी विचारलं, की माझ्या तोंडी आधी वडिलांचंच नाव येतं.