दिव्यावरची काळी टेप

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून सरळच लिहिते.

माझ्या गाडीत इंजिनच्या बिघाडाचा पिवळा दिवा महिनाभर पेटलेला होता. स्वारगेटजवळच्या गॅरेजवाल्याने काल गाडी परत दिली, तर दिवा गायब! आज सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागचे हॉर्न ऐकत बसले असताना दिसलं, दिव्यावर नखाएवढी काळी टेप चिकटवलेली.

फोन केला, तर म्हणतो, "मॅडम, त्या दिव्याचा वैताग आलाय असं तुम्हीच म्हणालात ना? आता दिसतोय का?"

लबाड, फसवा, तोंडाला येईल ते बोलले त्याला. गाडी तिथेच कडेला लावून रिक्षाने ऑफिस गाठलं.

आमचं औषधं मागवायचं ॲप आहे. सर्व्हर सकाळपासून अलर्टवर अलर्ट देत होता, ऑर्डरी अडकत होत्या. मॅनेजर म्हणाला, "दुपारी क्लायंटला डेमो आहे. आधी ते अलर्ट बंद कर, बिघाडाचं उद्या बघू."

मी बंद केले. डेमो झकास झाला. वर शाबासकीही मिळाली.

गॅरेजवाल्याला मी सकाळी लबाड म्हणाले. तुमची औषधं आज आली नसतील, तर मला काय म्हणाल?