सावलीतली टाचणी

सुषमा मेंगाळ बदलापूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची मदतनीस होती. बरण्या पुसायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या. शिक्षण दहावी. पण बरण्या पुसता पुसता आतल्या टाचण्यांची, एकेकीची ठेवण तिला पाठ झाली होती. चतुर नावाच्या उडत्या किड्याची ही बारीक भावंडं, बसली की पंख पाठीवर मिटून घेणारी.

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला तिचं माहेर. पाड्यामागच्या घळीत कातळावरून पाणी झिरपतं, तिथं तिला एक टाचणी दिसली. काडेपेटीतल्या काडीहून बारीक, काळी, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका. बरणीतल्या तशाच टाचणीच्या शेपटीचे शेवटचे दोन मणी निळे होते, हिचा एकच. शिवाय ही उन्हात येतच नव्हती.

तिनं मोबाईलवर फोटो काढून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या श्यामकांत सरांना दाखवला. फोटो हललेला होता. सर म्हणाले, ही सगळीकडची, कुठल्याही तळ्यावर मिळते. सुषमाला ते पटलं नाही.

पुढचे तीन पावसाळे दर रविवारी ती टमटमने जाऊन घळ चढली. पहिल्या वर्षी पाय मुरगळला. दुसऱ्या वर्षी मोबाईल पाण्यात गेला. भावजय भिकी म्हणायची, माणसं देवाला जातात, आमच्या वन्सं माशीला येतात. सुषमा हसायची आणि शेवाळावर पोतं टाकून बसायची. नर कुठं बसतो, मादी पाण्यात लोंबणाऱ्या मुळांत अंडी कशी घालते, ऊन आलं की सगळ्या कुठं सरकतात, सगळं वहीत तारखेनिशी उतरवायची.

तिसऱ्या वर्षी तिनं वही सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, एकदा येऊन बघा. पाण्यात बसावं लागेल."

सरांनी वही सगळी वाचली आणि रविवारी आले. गुडघाभर पाण्यात दोन तास बसल्यावर टाचणी त्यांच्यापुढच्याच मुळावर टेकली. त्यांनी वाकून तिच्या शेपटीचा निळा मणी निरखला.

"सुषमाताई, चूक माझी. ही वेगळीच आहे. या भागात हिची नोंद नाही."

त्यांनी पाच-सहा पकडायला जाळी काढली. सुषमा मध्ये उभी राहिली.

"दोनच घ्या, सर. इथं मोजून तीसेक आहेत."

सरांनी दोनच घेतल्या. शोधपत्रिकेत नोंद छापून आली तेव्हा निरीक्षक म्हणून पहिलं नाव सुषमाचं होतं. ही एवढ्याच घळीत असावी, असं सरांनी शेवटी लिहिलं होतं. ते वाचून सुषमानं नवी वही घेतली आणि पुढच्या रविवारी पलीकडच्या डोंगरातल्या घळीची वाट धरली.